शाळेचा शंभरावा दिवस : १०० वस्तू काय न्याव्यात? स्वस्त आणि मस्त आयडिया सुचवा

ऋतुजा_एनजे

मंडळी, जरा डोकं चालवायला मदत हवी आहे. लेक यंदा किंडरगार्टनला आहे, न्यूजर्सीत. आज दप्तरात टीचरची चिठ्ठी आली की पुढच्या महिन्यात शाळेचा शंभरावा दिवस आहे तर प्रत्येकाने घरून १०० वस्तूंचा प्रोजेक्ट करून आणायचा. अटी अशा की सगळं एका गॅलनच्या झिपलॉक पिशवीत मावलं पाहिजे, खायची वस्तू नको, काच नको, टोकदार नको, आणि मुलाला वर्गासमोर उभं राहून मोजून दाखवता आलं पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इथे बहुतेक राज्यांत शाळेचं वर्ष १८० दिवसांचं असतं आणि पहिल्या दिवसापासून वर्गात रोज एक स्ट्रॉ किंवा काडी भिंतीवरच्या तक्त्याच्या खिशात टाकतात, दहा झाल्या की रबरबँड लावून शेजारच्या खिशात, असं करत करत शंभर झाले की तो दिवस साजरा करतात. काही शाळांत पोरांना शंभर वर्षांचे म्हातारे म्हणून पण सजवून बोलावतात, काठी चष्मा शाल वगैरे. आमच्याकडे नशिबाने ते नाही.

मैत्रीण म्हणाली क्राफ्टच्या दुकानात जा तिथे सगळं तयार मिळतं. जाऊन आले. पॉमपॉम, फोमचे अक्षरांचे स्टिकर, डोळे, ग्लू गन असं टोपलीत टाकत गेले आणि बेरीज केली तर तीस डॉलरच्या वर, पाच वर्षाच्या पोराच्या एका दिवसाच्या प्रोजेक्टला! सगळं परत ठेवून आले. घरात असलेल्या वस्तूंतून किंवा पाचेक डॉलरमधे होईल असं काही सुचवा. सासूबाई सध्या इथेच आहेत, त्यांना पण उत्साह आहे.

कैरीपन्हं

अगं आमच्याकडे हे दर वर्षी, दोन पोरं म्हणजे दोनदा. सगळ्यात स्वस्त सांगू? पेनी, म्हणजे एक सेंटचं नाणं. बँकेत जायचं, एक डॉलर द्यायचा आणि दोन रोल घ्यायचे, एका रोलमधे ५० असतात. झाले शंभर. वजन साधारण पाव किलो, पोराला उचलतं. रात्री व्हिनेगर आणि मीठ एका वाटीत कालवून त्यात टाकल्या की काळ्या पेन्या चकचकीत होतात, तो भाग मुलांना मोजण्यापेक्षा जास्त आवडतो, हे आपलं सांगून ठेवते. प्रोजेक्ट संपला की डॉलर परत, खर्च शून्य.

फक्त आता जरा शोधाव्या लागतील, नवीन पेनी पाडणं २०२५ मधे बंद केलंय ना.

बंड्या_नाशिककर

माचिसच्या काड्या घ्या की. दोन पेट्यांत काम होतं. आम्ही लहानपणी काड्यांचे गठ्ठे करूनच शिकलो.

कैरीपन्हं

बंड्या, अमेरिकेतल्या शाळेत पाच वर्षाच्या मुलाच्या दप्तरात माचिस?? मग शंभरावा दिवस मुख्याध्यापकांच्या ऑफिसातच साजरा होईल.

बंड्या_नाशिककर

अहो गूल काढून टाकायचं! :) बरं राहिलं. आइस्क्रीमच्या काड्या घ्या. आणि माचिसच्या काड्यांना इतकं हसू नका, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन त्रिकोण, घन, काय काय उभं केलं. त्या माणसाला २०१८ साली पद्मश्री मिळाली, कचऱ्यातून खेळणी करण्याच्या कामासाठी. त्यांच्या साइटवर सगळं फुकट आहे, मराठीतली पुस्तकं पण आहेत, जरूर बघा.

पेठेतली

आमच्या इथे पुण्यात पण हे फॅड आलंय हो, शंभराचं नाही पण सीनिअर केजीला 'नंबर प्रोजेक्ट' असतो. एक ते दहा, प्रत्येक आकड्यासमोर तितक्या वस्तू चिकटवायच्या. गंमत म्हणजे शाळेजवळच्या स्टेशनरीवाल्याकडे तो तयार मिळतो. थर्माकोलवर चिकटवलेला, वर लेस लावलेला, मुलाचं नाव लिहायला जागा सोडलेली. आया रांगेत उभ्या. प्रदर्शनाच्या दिवशी वर्गात तेच चार पाच डिझाइन पुन्हा पुन्हा, आणि सगळ्यात वाकडं तिकडं असतं ते एखाद्या पोराने खरंच स्वतः केलेलं. त्याच्यासमोर कोणी थांबत नाही.

ऋतुजा, तू दुकानातून परत आलीस हे फार बरं केलंस.

शेवंती

ऋतुजा, मी ठाण्याला बालवाडीत शिकवायचे, आता रिटायर्ड आहे. थोडं लांबण लागेल, चालवून घे.

आधी वस्तू नको ठरवूस. आधी लेकाला बघ. त्याला शंभरपर्यंत म्हणता येतं का हा एक प्रश्न आणि मोजता येतं का हा अगदी वेगळा प्रश्न. तेरा बटणं त्याच्यासमोर ओत आणि किती आहेत विचार. बरीच मुलं तोंडाने भराभर पुढे जातात आणि बोट मागे राहतं, किंवा बोट पळतं आणि तोंड अडकतं. कोणी एकच बटण दोनदा मोजतं. आणि समजा नीट मोजून "तेरा" म्हणाला, तरी लगेच परत विचार, "मग किती आहेत?" जे मूल "तेरा" म्हणतं त्याला कळलंय. जे परत एक दोन तीन सुरू करतं त्याला अजून मोजणं म्हणजे बोट लावत म्हणायचं गाणं वाटतंय, तेरा हे त्या सगळ्या ढिगाचं उत्तर आहे हे अजून पोचायचंय. यात काळजीचं काही नाही, त्या वयात असंच असतं. पण अशा मुलाच्या हातात शंभर पॉमपॉम देऊन वर्गासमोर उभं केलं तर सदतिसाच्या आसपास ते हरवणार आणि रडणार.

म्हणून काहीही ने पण दहाचे दहा गट दिसतील असं ने. मोजताना त्याला दहा, वीस, तीस असं म्हणता आलं पाहिजे, आणि कोणी म्हटलं की हे खरंच दहा आहेत का तर एक गट सुटा करून दाखवता आला पाहिजे.

वस्तूंचं म्हणशील तर आम्ही कधी काही विकत आणलं नाही. चिंचोके, गोट्या, खडे, पानं, शिंपले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि नंतर कोसबाडला, तिथल्या आदिवासी पाड्यावर माँटेसरीची महागडी साधनं कुठून येणार? मग अंगणातल्या बिया, दगड, काटक्या हेच साधन. तेच आम्ही शिकलो, तेच केलं.

पणजेकर

शेवंतीताई, शिंपल्यांना माझं मत. आमच्याकडे तिसऱ्या (खायचे शिंपले) खाऊन झाल्या की शिंपल्या फेकत नाहीत, उकळून उन्हात वाळवून पोरांना खेळायला. एका तिसरीच्या दोन शिंपल्या, म्हणजे पन्नास तिसऱ्या खाल्ल्या की शंभर, दोन दोनने मोजायची सोय. मात्र उकळताना कंटाळा केला तर तिसऱ्या दिवशी वर्ग रिकामा होतो वासाने.

ऋतुजा_एनजे

पणजेकर :) :) आमच्याकडे अ‍ॅलर्जीचं इतकं कडक आहे की कोळंबीचं नाव काढलं तरी फॉर्म भरावा लागेल.

शेवंतीताई, तुमचं वाचून लगेच बटणं काढून बसले. तेरा नीट मोजले पण परत विचारल्यावर साहेबांनी परत एकपासून सुरू केलं! हे मला कधी लक्षातच आलं नव्हतं, तो शंभरपर्यंत घडाघडा म्हणतो त्यामुळे मी निर्धास्त होते.

सासूबाईंचं म्हणणं आहे चिंचोके मागवू, त्यांच्या भावाकडे चिपळूणला डबा भरून आहेत आणि आतेदीर याच आठवड्यात येतायत. चालेल का?

कैरीपन्हं

नको गं. बियाणं काहीही असलं तरी कस्टमला डिक्लेअर करावं लागतं आणि मग त्यांच्या मर्जीवर. आतेदिरांना कशाला विमानतळावर चिंचोके मोजायला लावतेस.

सोनसळी

वाचतेय. बिया वापरणाऱ्यांना एकच सांगायचंय. लाल काळ्या गुंजा दिसायला सुंदर असतात म्हणून काही जण मुलांच्या मोजणीच्या डब्यात टाकतात, त्या अजिबात नको. फार विषारी बी आहे, फुटलेली किंवा चावलेली तर जिवावर बेतू शकतं. मी नर्स आहे म्हणून बोलले. तसंच राजमा, छोले, वाटाणे ही लहान मुलं नाकात घालतात आणि आत ओलाव्याने ते फुगतात, मग डॉक्टरकडे पळापळ. पाच वर्षाच्या मुलाला समजतं पण घरात दोन वर्षाचं भावंड असेल तर विचार करा. कच्चा राजमा चावून गिळला तरी उलट्या जुलाब होतात, तो नीट शिजवल्याशिवाय पोटात जाता कामा नये.

मिनोती

हलवा!! कोणी बोललं कसं नाही? आत्ताच संक्रांत झाली. आमच्याकडे बोरन्हाणाचा उरलेला काटेरी हलवा पडून होता, मी शंभर दाणे मोजून दहा दहाची माळ ओवून दिली होती लेकीला, मधे मधे लाल लोकरीची गाठ. सगळ्या वर्गाने हात लावून बघितलं की हे काटे कसे आले. खायची वस्तू नको असली तरी 'हे दागिने आहेत' म्हणून चाललं.

सोनसळी

मिनोती, कल्पना गोड आहे पण तिळाचा हलवा असेल तर जपून. २०२३ पासून अमेरिकेत तीळ हा मुख्य अ‍ॅलर्जीच्या यादीत नववा आलाय, आधी आठच होते. साबुदाण्यावर चढवलेला हलवा असतो तो घेतला तर तिळाचा प्रश्न नाही, तरी टीचरला आधी विचारावं.

मिनोती

अरे हो, आमचा साबुदाण्याचाच होता. दागिन्यांचा बहुतेक तसाच येतो.

फळ्यावरचा_खडू

नमस्कार. मी झेडपीच्या शाळेत पहिली दुसरीला शिकवतो. धागा वाचून गंमत वाटली कारण तिकडे जे स्ट्रॉचं चाललंय ते आमच्याकडे काडी-गठ्ठा म्हणून वर्षानुवर्षं आहे. दहा काड्या, रबर, झाला गठ्ठा. चौतीस म्हणजे तीन गठ्ठे चार सुट्या. बेरजेला सुट्या दहा झाल्या की गठ्ठा बांधा आणि दशकाच्या घरात सरकवा, हातचा म्हणजे काय हे वेगळं शिकवावंच लागत नाही. वजाबाकीला गठ्ठा सोडा. रबर सोडतानाचा तो टक् आवाज आला की पोरगं ओळखतं की आता दहा सुट्या झाल्या.

२०१९ ला दुसरीच्या नव्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' असंही वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवत असेल. टीव्हीवर दोन दोन तास चर्चा. मंगला नारळीकरांनी, त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, शांतपणे समजावून सांगितलं की जुनी पद्धत काढलेली नाही, अडखळणाऱ्या मुलाला आणखी एक वाट दिली आहे. मी तेव्हा वर्गात बघत होतो, ज्याच्या हातात दोन गठ्ठे एक सुटी होती त्याला दोन्ही वाचनं सारखीच. ज्याच्या हातात काहीच नव्हतं तोच त्रेपन्नला पस्तीस लिहीत होता.

पेठेतली

गुरुजी, त्या वादावर वेगळा धागा आहे हो, तिकडे अजून भांडतायत. इथे नको उकरायला. पण गठ्ठ्याचं पटलं.

फळ्यावरचा_खडू

हा हा, बरोबर. एवढंच सांगतो आणि थांबतो. आमच्याकडे निपुण भारत ही लहान मुलांच्या वाचन-गणिताची सरकारी योजना आहे, तिच्या लक्ष्यात पहिलीच्या शेवटी ९९ पर्यंत वाचणं लिहिणं आहे. तिकडे किंडरगार्टनला काय अपेक्षा असते?

कैरीपन्हं

इकडे बऱ्याच राज्यांत किंडरगार्टनला एकेकने आणि दहादहाने शंभरपर्यंत म्हणता आलं पाहिजे असं आहे. पण वस्तू मोजण्याची अपेक्षा वीसपर्यंतचीच. म्हणजे शेवंतीताई म्हणतायत ते तंतोतंत, तोंडाने शंभर आणि हाताने वीस. आणि त्याच मुलांकडून शंभर वस्तूंचा प्रोजेक्ट!

गणिती_उपद्व्याप

मी आलो. माफ करा, राहवलं नाही.

सापशिडीचा पट घरात असेलच. १० x १० = १००. खर्च शून्य. पण थांबा, त्यात एक गोची आहे. सापशिडीत पहिली ओळ डावीकडून उजवीकडे १ ते १०, मग ११ हा १० च्या डोक्यावर आणि दुसरी ओळ उलटी जाते. वर्गात जो शंभराचा तक्ता असतो त्यात प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू होते, म्हणून ३ च्या खाली १३, २३, ३३ असा सरळ रकाना मिळतो. सापशिडीत तो मिळत नाही. खेळायला उत्तम, एककाचा घोळ समजवायला वाईट. करायचाच तर ओळी सरळ असलेला स्वतःचा पट काढा आणि त्यावर साप शिड्या मुलाला काढू द्या.

दुसरं, अंड्याचं खोकं. भारतातला ट्रे ३० चा, पाच बाय सहा. तो कापला की दोन बाय पाचचे तीन तुकडे होतात, प्रत्येकात दहा खड्डे. अमेरिकेतलं डझनाचं खोकं दोन बाय सहा असतं, टोकाची एक जोडी कापून टाका, राहिले दहा खड्डे. प्रत्येक खड्ड्यात दहा बटणं. मुलाला एकही आकडा न म्हणता दिसतं की इथे पाच, इथे पाच.

तिसरं, हे फक्त माझ्यासारख्यांसाठी, १+३+५+७+९+११+१३+१५+१७+१९ = १००. जिन्यासारखा रचा.

कैरीपन्हं

अंड्याचं खोकं आमच्या शाळेत चालत नाही, अ‍ॅलर्जी आणि जंतू. नवीन कोरी रिकामी खोकी क्राफ्टच्या दुकानात विकत मिळतात, आता हसावं का रडावं.

बंड्या_नाशिककर

रिकाम्या अंड्याच्या खोक्याला पैसे? आमच्या इथे ट्रे परत केला तर वाणी पैसे देतो.

अबोली_के

मी दोन गोष्टी केल्यात त्या लिहिते, दोन्ही जवळजवळ फुकट.

पहिली, मॅकरोनी. कोरडी मॅकरोनी झिपलॉकमधे घाल, कपभराला चमचाभर व्हिनेगर आणि खायचा रंग काही थेंब, पिशवी बंद करून पोराला हलवायला दे. मग पेपरवर पसरून रात्रभर वाळव. पाच रंग केलेस तर प्रत्येकी वीस, आणि ती ओवायला सोपी कारण भोक मोठं असतं, बुटाची नाडी पण जाते. रंगांवरून दहाची ओळख ठेवायची, दहा पिवळी दहा निळी अशी.

दुसरी माझी आवडती. भेंडी. आडवी चिरली की फुलाचा ठसा येतो हे सगळ्यांना माहितीय. पण बघ, भेंडीला बहुतेक पाच कप्पे असतात, म्हणजे एका ठशाला पाच पाकळ्या. वीस ठसे म्हणजे शंभर पाकळ्या! मुलगा पाच, दहा, पंधरा, वीस असं मोजतो. एका पानावर वीस ठसे आरामात बसतात, झिपलॉकमधे पान जातं, वजन नाही, सांडत नाही. चिरलेली बाजू टिश्यूने आधी टिपून घे नाहीतर ती बुळबुळीत राहते आणि रंग धरत नाही, ठसा नुसता डाग होतो. आणि भेंडी निवडताना मुलालाच कप्पे मोजायला लाव कारण मधेच सहा सात कप्प्यांची निघते, ती भाजीत टाकायची.

शेवंती

अबोली, काय सुरेख! सहा कप्प्यांची भेंडी वेगळी काढणं हाच खरा अभ्यास झाला की. पान राहू दे एकवेळ.

गणिती_उपद्व्याप

भेंडीला साष्टांग दंडवत.

ऋतुजा_एनजे

अबोली, मस्त आहे हे, एक बॅकअप ठरला. पण इथे फेब्रुवारीत भेंडी इंडियन स्टोअरला कधी कधी अशी येते की शिळ्या दोरीला लाजवेल, त्यामुळे त्यावर सगळं टाकून बसत नाही.

काल रात्री सासूबाईंनी एक सुचवलं आणि मी उडालेच. त्यांना चिठ्ठी वाचून दाखवली तर म्हणाल्या अगं दहा ते एकची रांगोळी काढ ना, शंभरच ठिपके असतात. मी म्हटलं कसं काय. त्यांनी मागच्या बिलाच्या पाठीवर काढून दाखवलं. मधे दहा ठिपके, वर नऊ, आठ, सात करत एक, तसंच खाली. बेरीज केली तर खरंच १००. त्या म्हणे आमच्या वेळी वर्तमानपत्राला उदबत्तीने भोकं पाडून ठिपक्यांचा कागद करायचो, रोज कोण मोजत बसणार, भोकं दोघी बहिणींनी मिळून मोजलेली असायची.

गणिती_उपद्व्याप

थांबा थांबा थांबा. १० + २ x ४५ = १००. अगदी बरोबर. आणि त्याहून भारी म्हणजे तो १० x १० चा चौकोनच आहे, फक्त कोपऱ्यावर उभा केलेला! आडव्या ओळी बघितल्या तर १, २, ३ ... १० ... ३, २, १. पण तिरकं बघा. डाव्या कोपऱ्यापासून वरच्या टोकापर्यंत दहा ठिपके, त्याच्या शेजारच्या तिरक्या ओळीत दहा, त्याच्या शेजारी दहा. दहा तिरक्या ओळी, प्रत्येकीत दहा. प्रत्येक तिरकी ओळ एका रंगाची करा. मुलगा रंगाने दहा वीस तीस मोजेल आणि कोणी आडवं मोजलं तरी शंभरच येणार.

काकूंना माझा नमस्कार सांगा.

शेवंती

ऋतुजा, हेच कर. दुसरं काही बघू नकोस. यात आजी आहे, नातू आहे, आणि मोजायला दोन वाटा आहेत.

पेठेतली

+१. आणि हे स्टेशनरीवाल्याकडे तयार मिळत नाही हा बोनस :)

मिनोती

रांगोळी पावडर नको हां, बसमधे निम्मी सांडेल. टिकल्या लाव! माझ्याकडे हळदीकुंकवाच्या वाणात आलेली पाकिटं पडलेली आहेत, रंगीत गोल. तुझ्याकडे पण असतील, दर वर्षी कोणी ना कोणी टिकल्याच लुटतं.

कैरीपन्हं

टिकल्या नाहीतर डॉलरच्या दुकानात गोल स्टिकरचं पाकीट मिळतं, म्हणजे आता सव्वा डॉलरचं दुकान म्हणायला हवं. गराज सेलला किमती लिहायला वापरतात ते. रंग मात्र चार पाचच असतात, मग ओळी आलटून पालटून.

बंड्या_नाशिककर

आणि शेवटी टिंब जोडून रांगोळी पूर्ण करायची की नाही? नुसते ठिपके म्हणजे अर्धीच राहिली.

ऋतुजा_एनजे

बंड्या, जोडायला घेतलं तर आई थांबणार नाहीत, कमळं कोयऱ्या सगळं येईल आणि लेक बाजूला बसून बिस्किट खाईल. आमचं असं ठरलंय की ठिपके आखायचं काम आईंचं, चिकटवायचं आणि मोजायचं त्याचं, माझं फक्त टिकल्या शोधणं. शंभर झाले की मधे दोन चार रेघा त्याला हव्या तशा.

एक अडचण. गॅलनची झिपलॉक साधारण साडेदहा इंच. कागद तेवढ्यात बसला पाहिजे, घडी न घालता. किती अंतर ठेवू? आईंच्या मापाने काढलं तर दाराबाहेरची रांगोळी होईल.

गणिती_उपद्व्याप

एका ओळीतल्या दोन ठिपक्यांत एक इंच. मधल्या ओळीत दहा ठिपके म्हणजे नऊ फटी, नऊ इंच. आणि एका ओळीपासून पुढची ओळ अर्ध्या इंचावर, आधीच्या ठिपक्यांच्या बरोबर मधे मधे. ओळी एकूण एकोणीस, म्हणजे अठरा फटी, त्याही नऊच इंच. दहा इंचाचा चौकोनी कार्डपेपर घ्या, चारी बाजूंनी अर्धा इंच मोकळा राहतो, पिशवीत सपाट जाईल. चौकटीचा कागद खाली ठेवून आखलंत तर मोजपट्टी पण लागणार नाही.

फळ्यावरचा_खडू

उद्या माझ्या वर्गात फरशीवर खडूने हीच काढतो. कार्डपेपर नाही की टिकल्या नाहीत, पोरं एकेका ठिपक्यावर उभी करायची. वर्गात मुलं जेमतेम बावीस आहेत, त्यामुळे चार ओळींपर्यंत होईल, एक दोन तीन चार, म्हणजे दहा. उरलेल्या बारांनी मोजायचं. मग आलटून पालटून.

अबोली_के

गुरुजी, फोटो टाका नक्की, मुलांचे चेहरे न दिसता.

सोनटक्का_अटलांटा

आमच्याकडे जॉर्जियात शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच सुरू होतात त्यामुळे शंभरावा दिवस होऊन पण गेला, हा धागा आधी का नाही आला :( आम्ही शर्टावर शंभर डोळे चिकटवले, निम्मे बसमधेच पडले आणि टीचरने किती आहेत विचारल्यावर लेकीने प्रामाणिकपणे "आता माहीत नाही" सांगितलं.

ऋतुजा, कैरीपन्हं म्हणाली ते गराज सेलचे स्टिकर बहुतेक पाऊण इंची असतात. ते चालतील का बघ, मला वाटतं एकमेकांवर चढतील.

गणिती_उपद्व्याप

चढतील, बरोबर आहे. आडव्या ओळीत एक इंच आहे पण तिरक्या ओळीत दोन ठिपक्यांमधलं अंतर पाऊण इंचापेक्षा जरासं कमी भरतं, साधारण १.८ सेंटीमीटर. पाऊण इंची स्टिकरच्या कडा एकमेकांवर येणार. अर्धा इंची घ्या, नाहीतर मध्यम टिकली उत्तम.

ऋतुजा_एनजे

टिकल्याच घेते मग, मिळाल्या तीन पाकिटं. लाल, मरून, हिरव्या आणि खूप साऱ्या काळ्या. काळ्या कोणी लुटल्या होत्या देव जाणे. अजून सहा रंग हवेत, इथे एडिसन गावात कोणाकडे असतील तर विपूत (विचारपुशीत) निरोप टाका, शनिवारी येऊन घेऊन जाईन.